स्क्रूला हात लावण्याआधी

या पुस्तिकेत कार्बोरेटर चौथ्या प्रकरणात येतो. पहिली तीन प्रकरणं टाकी, नळ्या, पंप, पॉइंट, प्लग आणि टॅपेट यांच्यात गेली आहेत. हस्तलिखित वाचायला दिलं तेव्हा दोघातिघांनी हेच विचारलं, की नाव कार्बोरेटर ट्यूनिंगचं आणि निम्मी पानं उलटली तरी कार्बोरेटर कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत देता येईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो आणि त्याची ही प्रस्तावना झाली.

एकोणीस वर्षांचा असताना मी साताऱ्यात एका गॅरेजवर कामाला होतो. मालकांना सगळे वस्ताद म्हणायचे, मीही म्हणायचो. पेट्रोलवर चालणारे ट्रक तोवर जवळजवळ संपले होते. मालवाहतूक करणाऱ्याला डिझेलशिवाय परवडत नव्हतं, आणि ज्यांच्याकडे जुन्या अमेरिकन गाड्या होत्या त्यांनी त्यांत पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. उरले होते ते फिरत्या तंबूटॉकीजवाल्यांकडचे. तंबूवाल्याला रोज गाडी पळवायची नसते. दिवाळी ते अक्षय्य तृतीया, एका यात्रेवरून दुसऱ्या यात्रेला, तेवढीच तिची धाव. पेट्रोलचा खर्च तो सोसू शकतो, नवा ट्रक घेऊ शकत नाही.

असाच एक शेवरलेट दर वर्षी हंगामाआधी आमच्याकडे यायचा. १९५१ सालचा, सहा सिलिंडरचा, लाकडी बॉडीचा. हौद्यात पुढच्या बाजूला प्रोजेक्टर बसवलेला, मागे तंबूची कनात, खांब, दोरखंड आणि चार माणसं. त्या वर्षी त्याच्या तंबूवाल्या मालकानं त्याला नवा रंग काढला होता. निळ्या अंगावर पिवळी वेलबुट्टी, दारावर देवीचं चित्र. गाडी घेऊन तो पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला निघाला आणि दुसऱ्या दिवशी परत आमच्या दारात आला. तक्रार एकच होती. गाडी सपाटीला पळते, चढाला मरते.

कोरेगाव सोडून पुसेगावच्या वाटेला लागलं की वर्धनगडचा घाट येतो. घाट फार मोठा नाही, पण भरल्या गाडीला पुरेसा आहे. पहिली दोन वळणं गाडी छान चढायची. मग पिकअप जायचा, कार्बोरेटरमधून फटाके निघायचे, झटके देत देत ती बंद पडायची. दहा मिनिटं थांबून सेल्फ मारला की काहीच झालं नाही अशी पुन्हा चालू. आणखी दोन वळणं, पुन्हा तेच.

वस्तादांनी काम माझ्यावर सोपवलं. मला त्या वेळी जे कळत होतं त्यावरून मी निष्कर्ष काढला, की पेट्रोल कमी पडतंय. निष्कर्ष बरोबर होता. पेट्रोल कुठे कमी पडतंय हे मात्र मी विचारलं नाही. मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. फरक पडला नाही, म्हणून आणखी अर्धा. मग एका जुन्या कार्बोरेटरमधला मोठा जेट काढून यात घातला. तरी जमेना, म्हणून फ्लोटची पट्टी वाकवून पेट्रोलची पातळी वाढवली. तीन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी गाडी स्लोला उभी असताना काळा धूर ओकत होती, सहाही प्लग काजळीनं माखले होते आणि घाटात ती पहिल्या दिवशी जिथे मरत होती तिथेच मरत होती.

त्या संध्याकाळी वस्ताद स्वतः केबिनमध्ये बसले. दुसऱ्या वळणानंतर गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली तसे ते उतरले. मी बॉनेट उघडायला धावलो. ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. टाकीपाशी गेले, झाकणावर तळहात ठेवला आणि ते फिरवलं. फुस्स असा आवाज झाला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, फक्त इथे हवा आत जात होती. झाकण सैलसर बसवून ते वर येऊन बसले आणि म्हणाले, “मार सेल्फ.” गाडी घाट चढून गेली.

झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा त्यातून टाकीत यावी, यासाठी ते असतं. रंगाऱ्यानं झाकणही मन लावून रंगवलं होतं आणि ते भोक बुजलं होतं. पेट्रोल जात होतं, हवा येत नव्हती, टाकीत व्हॅक्युम तयार होत होता आणि बिचारा पंप त्या व्हॅक्युमशी झगडत होता. सपाटीला इंजिन थोडकंच मागतं, तेवढं तो ओढून देत होता. घाटात मागणी वाढली की त्याचा दम तुटायचा. दहा मिनिटं थांबल्यावर झाकणाच्या फटीतून हवा झिरपायची आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी वागायची.

वस्ताद रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “स्क्रू आधी कुठं होता?”

मला सांगता आलं नाही. स्क्रू किती फेऱ्यांवर होता हे मी मोजलं नव्हतं. मूळ जेटचा आकडा बघितला नव्हता. फ्लोट किती उंचीवर होता, तेही नाही. झाकणातलं भोक उघडायला एक टाचणी आणि अर्धं मिनिट लागलं. मी जे बिघडवलं होतं ते जागेवर आणायला दोन दिवस लागले. यात्रेतल्या ज्या रात्रींवर तंबूवाल्याचं निम्मं वर्ष निघतं, त्यांतल्या काही रात्री त्यात गेल्या. पहिली तीन प्रकरणं का, याचं उत्तर हे आहे. कार्बोरेटर बहुतेक वेळा दुसऱ्याचं दुखणं बोलून दाखवत असतो. जो बोलतो त्यालाच आपण धरतो.

आता यंत्राविषयी. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. दहा बाय दहाच्या खोलीत जेवढी हवा मावते, तिच्या जवळजवळ एक तृतीयांश. वजनानं मोजलं तर पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग. इंजिनाकडून पूर्ण जोर हवा असेल तर हे प्रमाण साडेबारा-तेरावर यावं लागतं, ॲव्हरेज हवा असेल तर पंधराच्या पुढे न्यावं लागतं. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण रिच, हवा जास्त झाली की लीन. गॅरेजात हेच शब्द चालतात आणि पुस्तिकेत मी तेच ठेवले आहेत.

हे माप धरायला जुन्या कार्बोरेटरकडे वीज नाही, सेन्सर नाही. तो माप धरतो हवेच्याच ओढीवर. पाटाला दोन्ही बाजूंनी दगड लावून वाट चिंचोळी केली की पाणी तिथे वेगानं पळतं. हवाही तेच करते, आणि जिथे ती वेगानं पळते तिथे तिचा दाब उतरतो. डॅनियल बर्नुलीनं हे १७३८ साली ग्रंथात मांडलं. निमुळत्या गळ्याच्या नळीचा अभ्यास जिओव्हानी व्हेंचुरीनं १७९७ साली प्रसिद्ध केला, आणि त्या गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. डासांवर मारायचा फ्लिटचा हातपंप ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दांडा दाबला की हवा नळीच्या तोंडावरून जाते आणि खालच्या डब्यातलं औषध वर ओढलं जाऊन फवारा होतो. गळ्यात उघडणाऱ्या बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडवण्याची ही युक्ती १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी साधली. त्याआधीच्या कार्बोरेटरांत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती फिरवत आणि वाफ उचलत. ते इंजिन चालवत, पण घाईच्या मागणीला पुरे पडत नसत.

अडचण अशी, की एकच गळा आणि एकच नळी सगळ्या वेळी पुरत नाही. गाडी स्लोला उभी असते तेव्हा गळ्याखालची हवेची झडप, म्हणजे बटरफ्लाय, जवळजवळ बंद असते. गळ्यातून हवा इतकी सावकाश जाते की मुख्य नळीतून थेंबही निघत नाही. म्हणून बटरफ्लायच्या कडेशी एक वेगळी बारीक वाट काढलेली असते. आपण जो स्क्रू फिरवतो तो या वाटेवरचा आहे. त्याची सत्ता स्लोपुरती आणि पाय नुकता दाबला त्या क्षणापुरती. पुढे मुख्य नळीचं, म्हणजे मेन जेटचं राज्य सुरू होतं. हे एक वाक्य मला त्या तीन दिवसांत कुणी सांगितलं असतं तर घाटातला दोष मी स्लोच्या स्क्रूवर शोधला नसता. अजूनही बरेच जण तिथेच शोधतात. मागचं वर्षभर ज्या ज्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, तिच्या स्क्रूची खाच झिजलेली आणि मेन जेट वर्षानुवर्षं न बघितलेला, असंच चित्र दिसलं.

पुस्तिकेसाठी मी मुद्दाम शेवरलेटचं सहा सिलिंडरचं २१६ घनइंची इंजिन धरलंय, म्हणजे आपल्या हिशेबात साडेतीन लिटरचं. कारण भावनेचं आहे तसं व्यवहाराचंही आहे. या गाड्या मुंबईशी जुन्या नात्याच्या आहेत. जनरल मोटर्सनं शिवडीला १९२८ साली जुळणीचा कारखाना काढला, तो देशातला पहिला मोटारजुळणी कारखाना, आणि १९५४ साली तो बंद होईपर्यंत शेवरलेटच्या मोटारी, बस आणि लॉऱ्या तिथून बाहेर पडत होत्या. त्याच १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक यायला लागले, आणि पुढच्या काही वर्षांत माल वाहण्याच्या धंद्याचं चित्रच पालटलं. पण महाराष्ट्रातल्या घाटरस्त्यांवर लॉरी म्हणून जो आवाज आधी रुजला तो पेट्रोलचा होता. पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली तीही पेट्रोलवरची, बेडफर्ड होती. त्याआधीच्या युद्धकाळात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा बसच्या मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवल्या गेल्या. ज्यांनी त्या हाकल्या त्यांना चढाला उतारू उतरवून गाडी हलकी करावी लागे, असं जुने ड्रायव्हर सांगत. पेट्रोल मिळायला लागल्यावर त्यांना कार्बोरेटरचं काय वाटलं असेल, ते आज कळणं अवघड आहे.

या इंजिनावर १९५० पासून रॉचेस्टरचा बी मॉडेलचा कार्बोरेटर येई. एक गळा, एक फ्लोटचा डबा, मिश्रणाचा एकच स्क्रू. शिकायला याहून चांगला गुरू नाही. त्याला एक खोड मात्र आहे आणि तिच्यासाठी मी अख्खी सहा पानं खर्च केली आहेत. त्याचं वरचं झाकण तापून तापून आणि पेच जोरात आवळून वाकतं. झाकणात एक छोटा पिस्टन आहे. इंजिनाचा व्हॅक्युम त्याला वर ओढून धरतो. चढाला पाय दाबला की व्हॅक्युम पडतो, स्प्रिंग त्या पिस्टनला खाली ढकलते आणि पेट्रोलची एक जादा वाट उघडते. घाटात गाडीला जो जोर मिळतो तो या वाटेनं. झाकण वाकलं की पॅकिंगमधून व्हॅक्युम गळतो, पिस्टन कायमचा खाली बसतो आणि जादा वाट चोवीस तास उघडी राहते. गाडी चालते, उलट जोरात चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. टाकी मात्र रिकामी होत राहते. झाकण काढून काचेच्या तुकड्यावर पालथं ठेवा आणि कडेनं फिलर गेज सरकवून बघा. पातळ पान आत शिरलं की दोष सापडला. त्याच काचेवर पॉलिश पेपर पसरून, पाण्याचा थेंब देत, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्यांनी झाकण घासायचं. घाई करायची नाही. आवळताना पेच समोरासमोरचे आवळत जायचे, आणि बोटांच्या जोरावर, मनगटाच्या नाही.

जेटविषयी मला कळकळीनं एक सांगायचंय. रॉचेस्टरच्या मेन जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो त्याच्या भोकाचा व्यास असतो, इंचाच्या हजाराव्या भागांत. ५७ म्हणजे ०.०५७ इंच. आपल्याकडच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवर हेच माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असतं, १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटर. आता विचार करा, ५७ च्या जेटमध्ये कचरा अडकला म्हणून कुणीतरी क्लचच्या वायरीचा तुटका तंतू घालून तो खरवडला. पितळ मऊ असतं. भोक दोन हजारांशांनी वाढून ५९ झालं तर त्याचं क्षेत्रफळ ७ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढं पेट्रोल जास्त, दर किलोमीटरला, गाडी भंगारात जाईपर्यंत. जेटवर आकडा मात्र ५७ चाच राहतो आणि पुढचा मिस्त्री त्यावर विश्वास ठेवतो. तार घालू नका. रात्रभर थिनरमध्ये भिजत ठेवा, हवेनं फुंका, उजेडाकडे धरून बघा. एवढं करूनही निघालं नाही तर झाडूची काडी चालेल. धातू नको.

फ्लोटचंही तसंच. पितळेचा पोकळ फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर त्याच्यात पेट्रोल शिरलंय. शिरलं कुठून हे डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या पातेल्यात पाणी चांगलं गरम करा, खाली उतरवा, विस्तवापासून लांब जा आणि फ्लोट चिमट्यानं पाण्यात बुडवून धरा. आतलं पेट्रोल तापून त्याची वाफ होते आणि जिथे चीर आहे तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. मी पहिल्यांदा ती माळ बघितली तेव्हा किती तरी वेळ नुसता बघत राहिलो होतो. तिथे काळ्या पेन्सिलनं खूण करायची, आतलं सगळं पेट्रोल निघून जाऊ द्यायचं आणि मगच झाळायचं. झाळताना कथील कमीत कमी. फ्लोट जड झाला की तो उशिरा उचलतो आणि पेट्रोल ओव्हर होतं.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. प्रत्यक्ष कृती चौथ्या प्रकरणात आहे, इथे फक्त कानाविषयी लिहितो, कारण ते कृतीत बसत नाही. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा. स्क्रू अलगद आत न्यायचा, टेकला की थांबायचं. आवळला तर त्याच्या सुईसारख्या टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट जुळत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. आता गाडी चालू करून स्क्रू पाव पाव फेऱ्यानं आत घ्या आणि प्रत्येक वेळी दहापर्यंत मोजा. इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि नवशिक्या तो देत नाही. मिश्रण लीन होत गेलं की इंजिन पोकळ वाजायला लागतं, मधेच एखादा ठोका गाळतं, हात लावला तर मडगार्ड थरथरतं. बाहेर काढत गेलं की आवाज जड होतो, इंजिन एका लयीत डुलायला लागतं, बैल ओझ्याखाली चालतो तसं, आणि सायलेन्सरशी वास येतो. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. तिथे सहा सिलिंडर वेगवेगळे ऐकू येत नाहीत. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा क्रम विरघळून एकच सलग गुणगुण राहते आणि रेडिएटरवरच्या पाण्याच्या थेंबावर बारीक रिंगणं उठतात. व्हॅक्युम गेज असेल तर तिथे काटा सर्वांत वर आणि स्थिर असतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं. सातारा सुमारे ७०० मीटरवर आहे, इथे दोन-सव्वादोन इंच कमी धरायचे. गेज जरूर घ्या, पण आधी कानानं जागा शोधा आणि मग गेजला विचारा. उलट क्रमानं केलं तर कान शिकत नाही.

मोटारसायकलवर हात बसलेल्यांना एक इशारा. तिथल्या काही कार्बोरेटरांना हवेचा स्क्रू असतो, तो आत घेतला की मिश्रण रिच होतं. इथे स्क्रू मिश्रणाचा आहे, आत घेतला की लीन. सवयीनं हात उलटा जातो. आणि या इंजिनाला उगाच रेस देऊ नका. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा ओतीव बॅबिटच्या आहेत आणि त्यांना तेल पोहोचवण्याची पद्धतही जुनी. ते इंजिन सावकाश ओढायला जन्मलंय.

घाटाचा हिशेबही पुस्तिकेत घातलाय, कारण आपल्याकडे कोकण आणि देश यांच्यात गाडी एका दिवसात समुद्रापासून महाबळेश्वरपर्यंत जाते. १,३७० मीटरच्या आसपास हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्क्यांनी विरळ होते. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही, त्याला ओढ कळते. म्हणून पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही आणि मिश्रण ६ टक्क्यांच्या आसपास रिच होतं. महाडला अचूक लावलेली गाडी पोलादपूर सोडून आंबेनळी चढून वर आली आणि जरा जड वाजायला लागली, तर स्क्रूला दोष देऊ नका. खाली उतरल्यावर ती आपोआप बरी होईल. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, तेही कार्बोरेटरचं पाप नाही. पंपावर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं सावलीत बसा.

पेट्रोलविषयीचं पाचवं प्रकरण मी आठ-दहा वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर वेगळं झालं असतं. पेट्रोलच बदललंय. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं आणि प्लगचा रंग वाचायची जुनी पद्धत ढिली पडली. त्यानंतर इथेनॉल आलं. २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये देश १० टक्क्यांवर पोहोचला, २०२५ मध्ये २० वर. आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हे बदल कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या ऊसपट्ट्यात हे ट्रक फिरले, तिथल्याच उसाचं इथेनॉल आता त्यांच्या टाकीत आहे. शेतकऱ्याच्या पदरात त्यातून पैसा पडतो, ते मला मोलाचं वाटतं, आणि म्हणून जुन्या गाडीवाल्यांनी नुसता त्रागा करण्यापेक्षा गाडी त्याला जुळवून घ्यावी असं माझं मत आहे. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सुमारे ८ टक्के लीन होतं. मघाशी ज्या ५७ चा ५९ होण्यावर मी एवढा चिडलो, तेच माप आता रीतसर बदलावं लागतं, फक्त आकडा कोरलेला खरा जेट घालून. जुने रबरी होज, कॉर्कची पॅकिंग आणि चामड्याचा पंपवॉशर यांना इथेनॉल मानवत नाही, ते बदलून घ्या. इथेनॉल ओलावाही धरतं. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर फ्लोटचा डबा रिकामा करून ठेवा, नाहीतर उघडल्यावर आत पांढरी-हिरवी पूड दिसेल.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळपास गेला. इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन सुरू होते, धूर कमी सोडते, पेट्रोल कमी पिते. मी स्वतः तीच वापरतो. पण आज गॅरेजात येणारा मुलगा लॅपटॉप जोडून दोष वाचायला शिकतो, आणि ज्या गाडीला जोडायला जागाच नाही तिच्यासमोर तो हात बांधून उभा राहतो. त्याच्यासाठी आणि ज्यांनी आजोबांची लॉरी गोठ्याच्या मागून बाहेर काढायचं मनावर घेतलंय त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. संग्रहात ठेवायच्या चकचकीत गाड्यांविषयी यात फारसं काही सापडणार नाही. ज्यांना गाडी घाटावर न्यायची आहे, त्यांचा विचार करून ती लिहिलीय.

सुट्या भागांच्या जुन्या दुकानदारांनी डबे उपसून जेट शोधू दिले, दोन निवृत्त एसटी मेकॅनिकनी हस्तलिखित ओळीन् ओळ तपासलं आणि चार ठिकाणी मला खोडून काढलं. त्यांचे उपकार आहेत. तरीही चूक राहिली असेल तर ती माझी.

तंबूवाल्याचा ट्रक अखेर निघाला तेव्हा वस्तादांनी मला उरलेल्या पिवळ्या रंगाचा डबा आणि बारीक कुंचला दिला. बॉनेटच्या आतल्या बाजूला, जिथे उघडल्याबरोबर नजर जाते तिथे, त्यांनी तीन ओळी लिहून घेतल्या. स्क्रू १॥. जेट ५७. खाली तारीख. त्यानंतर आमच्या गॅरेजातून पेट्रोलची एकही गाडी त्या तीन ओळींशिवाय बाहेर पडली नाही. पुस्तिकेच्या शेवटी मी आठ पानं कोरी सोडली आहेत आणि त्यांवर रकाने आखले आहेत: तारीख, गाव, ऊन की थंडी, स्क्रूचे फेरे, जेट, फ्लोटची उंची, प्लगचा रंग. पण वही हरवते. तेव्हा कुठलाही पाना हातात घेण्याआधी स्क्रू मोजत मोजत आत न्या, जिथे होता तिथे परत आणा, आणि फेऱ्यांचा आकडा बॉनेटखाली रंगानं लिहा. रंग सुकेपर्यंत टाकीचं झाकण बघून घ्या.